सुत्ताले म्हणजे काय? बेंगळुरूहून एका दिवसाची सहल



बेंगळुरूत मराठी घरी पाहुणे आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो. "इथून एका दिवसात काय बघून होईल?" विचारणारे बहुतेक वेळा कुणाचे तरी आईवडील असतात. मुलगा-सून दोघं कंपनीत, नातवंडं शाळेत, आणि हे दोघं चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर. मुलाला सुट्टी फक्त शनिवार-रविवार. त्यातला रविवार दमून झोपण्यात जातो. उरला एक शनिवार. त्या एका शनिवारात कर्नाटक बघायचं असतं.

माझ्या सासू-सासऱ्यांचं असंच झालं होतं. त्यांना घेऊन मी फिरायला लागले, मग सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी "आम्हालाही न्या" म्हटलं, आणि आता ऑक्टोबर ते फेब्रुवारी, महिन्यातून दोनदा तरी, बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर भरून आम्ही निघतो. मी परवानाधारक गाइड नाही, हे आधीच सांगते. देवळापाशी पोचलं की तिथला माणूस घ्यायचा, त्याचे पैसे त्याला द्यायचे, हा माझा नियम आहे. माझं काम गाडीतलं आणि पायऱ्यांवरचं: मराठीत सांगणं, कुणाला धाप लागली तर थांबणं, आणि कुठे किती वेळ द्यायचा ते ठरवणं. हे शेवटचं काम दिसतं तेवढं सोपं नाही.

आधी वेळेचा हिशोब करू. बेंगळुरूहून सर्वांत जास्त खपणारी सहल म्हणजे श्रवणबेळगोळ, बेलूर, हळेबीडू, सगळं एका दिवसात. जाहिरातीत तीन फोटो शेजारी शेजारी असतात, म्हणून ती गावंही शेजारी शेजारी असतील असं वाटतं. श्रवणबेळगोळ बेंगळुरूपासून सुमारे १४५ किलोमीटर. बेलूर सुमारे २२०. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात, म्हणजे आठ-नऊ तास नुसतं बसणं. त्यात नाश्ता, जेवण, चहा, आणि शहरात परत शिरताना नेलमंगलापासून लागणारी ती रांग. उरलेल्या वेळात बेलूरचं चेन्नकेशव देऊळ चाळीस मिनिटांत उरकायचं. विष्णुवर्धन होयसळाने १११७ साली उभं केलेलं हे देऊळ. त्याच्या एका मदनिकेसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तर गाडीवाला हॉर्न वाजवतो. होयसळांची बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूरची देवळं २०२३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यानंतर तर गर्दी आणखी वाढली.

म्हणून मी पाहुण्यांना म्हणते, बेलूर-हळेबीडूला एक रात्र राहून या. दिवसभराची सहल करायची तर एकच जागा घ्या.

जवळच्या जागा हव्या असतील तर त्याही आहेत. नंदी डोंगरावर सूर्योदय बघायला सगळं बेंगळुरू जातं आणि पायथ्याचं भोगनंदीश्वर तसंच ओलांडून परत येतं. तिथल्या शिवालयाचे उल्लेख इसवी सन ८०६ च्या सुमाराचे, राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाच्या काळातले. देवळाला लागून पायऱ्यापायऱ्यांची मोठी कल्याणी आहे. आपण पुष्करणी म्हणतो तीच. सकाळी साडेसातला तिथे कुणी नसतं. आणखी जवळ, शहराच्या पोटातच, बेगूर. तिथल्या नागेश्वराच्या देवळातल्या साधारण इसवी सन ८९० च्या वीरगळावर "बेंगळुरूच्या लढाईत" मेलेल्या माणसाचा उल्लेख आहे. केंपेगौडाने शहर वसवण्याच्या साडेसहाशे वर्षं आधी. उकडलेल्या शेंगांवरून शहराचं नाव पडलं ही गोष्ट रिक्षावाला तुम्हाला सांगेल, तेव्हा हा दगड आठवा. रिक्षावाल्याशी वाद मात्र घालू नका, गोष्ट गोड आहे.

आणि मराठी पाहुण्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न: "शहाजीराजांचं काय आहे इथे?" १६३८ साली आदिलशाहीच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. पंचवीस-सव्वीस वर्षं त्यांचा कारभार इथून चालला. पण त्या काळाचं बेंगळुरू आज उभं दिसत नाही. राजांची समाधी होदिगेरेला आहे, दावणगेरे जिल्ह्यात, अडीचशे किलोमीटरच्या वर. ती एका दिवसाची सहल नव्हे. कुणी हट्टच धरला तर मी मल्लेश्वरमला नेते. तिथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी १६६९ साली एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. काडु म्हणजे रान. रानातल्या त्या मल्लिकार्जुनाभोवती आज साड्यांची दुकानं आणि फिल्टर कॉफी आहे. लोक हात जोडतात, कॉफी पितात, खूश होतात.

पण मला आज सांगायचंय ते श्रवणबेळगोळबद्दल. कारण मराठी माणूस तिथे जातो तो एक वाक्य डोक्यात घेऊन. आणि त्या वाक्याबाबत मी बरीच वर्षं चुकीचं सांगत होते.

सकाळी सहाला निघायचं. कुणिगलच्या पुढे एखाद्या हॉटेलात ताटलीएवढी तट्टे इडली खायची, हिरिसावेला महामार्ग सोडून डावीकडे वळायचं, आणि नारळाच्या बागांमधून जाताना अचानक समोर एक गुळगुळीत, उघडा खडक दिसतो. त्याच्या माथ्यावर भिंतीच्या वर डोकं आणि खांदे. तो गोमटेश्वर. गाडीतला कुणी तरी "तो बघा!" म्हणून ओरडतोच. दर वेळी.

गावात दोन टेकड्या आहेत, मध्ये तळं. ज्याच्या नावावरून गाव आहे ते हे बेळगोळ, म्हणजे पांढरं तळं. मोठी टेकडी विंध्यगिरी, तिच्यावर मूर्ती. छोटी चंद्रगिरी. बहुतेक गाड्या मोठीच दाखवतात आणि निघतात. चपला खाली ठेवायच्या आणि खडकात कोरलेल्या सहाशेच्या वर पायऱ्या अनवाणी चढायच्या. मोजे चालतात. अकरानंतर त्या खडकावर पाय ठेवून बघा, मोज्यांचं महत्त्व मी सांगायला नको. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. पासष्टीच्या पुढच्या लोकांना मी सांगते, पन्नास पायऱ्या चढा आणि मागे वळून तळं बघा. बघायचं निमित्त, दम खायचं काम.

वर पोचलं की मूर्तीपुढे लोक आधी गप्प होतात. सुमारे ५८ फूट उंच, एका अखंड खडकातून कोरलेली, उत्तरेकडे तोंड करून उभी. गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ती घडवून घेतली, इसवी सन ९८१ ते ९८३ च्या सुमाराला. हा चावुंडराय नुसता लढवय्या नव्हता. ९७८ साली त्याने कन्नड गद्यात तीर्थंकरांची चरित्रं लिहिली. कन्नडमधल्या अगदी आरंभीच्या गद्य ग्रंथांमध्ये त्याचं नाव घेतात.

बाहुबलीची कथा बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. भरत आणि बाहुबली हे ऋषभनाथांचे मुलगे. राज्यासाठी दोघं समोरासमोर आले. सैन्य मरू नये म्हणून दोघांनीच लढायचं ठरलं, नजरेची लढत, पाण्यातली लढत, मग कुस्ती. धाकटा तिन्ही जिंकला आणि जिंकल्यावर सगळं सोडून उभा राहिला, इतका वेळ की पायांशी वारुळं वाढली आणि वेली दंडापर्यंत चढल्या. त्या वेली आणि वारुळं दगडात आहेत. जवळ जाता आलं तर बघाच.

आणि तिथेच, पायांच्या दोन्ही बाजूंना, अक्षरं कोरलेली आहेत. एका बाजूला कन्नड आणि तमिळ. दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत दोन ओळी:

श्रीचावुंडराजें करवियलें
श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें

शाळेच्या पुस्तकात हीच ओळ "चामुंडराये करवियले" अशीही छापलेली तुम्ही वाचली असेल. बस, एवढंच. ना शक, ना मिती. चावुंडरायाने करवलं. गंगराजाने सुत्ताले करवलं. "करवियलें" म्हणजे आजचं "करवलं", करून घेतलं. आणि "राजें" यातला तो शेवटचा अनुस्वार म्हणजे "राजाने" मधला "ने". जुन्या मराठीत हे रूप सगळीकडे भेटतं. हजार नाही तरी नऊशे वर्षांपूर्वीचं वाक्य, आणि पाचवीतलं पोरगं ते वाचून अर्थ सांगतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो.

तर तिथे उभी राहून मी सात-आठ वर्षं एक वाक्य म्हणत आले: "मंडळी, हे मराठीतलं पहिलं वाक्य. इसवी सन ९८३." टाळ्या पडायच्या. फोटो निघायचे. एकदा सांगलीकडचे निवृत्त प्राध्यापक आले होते, मराठी शिकवायचे. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. मध्येच थांबून म्हणाले, "ताई, दुसऱ्या ओळीतला गंगराज कोण?"

मला माहीत होतं. "विष्णुवर्धन होयसळाचा सेनापती."

"कधीचा?"

"बाराव्या शतकाचा आरंभ. अकराशे सतराच्या आसपासचा."

"आणि दोन्ही ओळींचं वळण?"

मी फोन काढला, मघाचा फोटो मोठा करून बघितला. सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या माणसांनी कोरलेल्या ओळी असाव्यात असं काही दिसेना. सर पुढे काही बोलले नाहीत. "पायरी सांभाळा," म्हणाले आणि उतरायला लागले.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले, जे खरं तर आठ वर्षांपूर्वी करायला हवं होतं. बी. एल. राइस यांनी १८८९ साली श्रवणबेळगोळचे १४४ लेख छापले. नंतर आर. नरसिंहाचार यांनी १९२३ साली ते पुन्हा तपासले आणि संख्या ५०० वर गेली. एवढ्याशा गावात! मराठीपुरतं बोलायचं तर शं. गो. तुळपुळे यांचं १९६३ सालचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हे पुस्तक. मामला असा आहे. एक मत म्हणतं, पहिली ओळ मूर्तीच्या वेळची, दुसरी नंतर जोडलेली. दुसरं मत म्हणतं, दोन्ही ओळी गंगराजाच्याच वेळी, म्हणजे १११७ च्या सुमाराला कोरल्या. नवं बांधकाम करताना "मूर्ती त्याने केली, हे मी केलं" अशी दोन्ही कामांची नोंद एकदमच केली. हे दुसरं खरं असेल तर पहिलेपणाचा मान जातो रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या लेखाकडे, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. त्याच्या शकाच्या वाचनावरही वाद आहेत. मग सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलचा लेख पुढे येतो, शके ९४०, म्हणजे १०१८. मला स्वतःला दुसरं मत जास्त पटतं. वळणाचा मुद्दा एकदा डोळ्यांनी बघितला की मागे टाकता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, शंभर वर्षं इकडे की तिकडे, सहलीला आलेल्या माणसाला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीने माझं वाक्य शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत जसंच्या तसं वापरलं होतं आणि तिला बक्षीस मिळालं होतं. तिच्या आईने मला प्रमाणपत्राचा फोटो पाठवला होता. तो माझ्या फोनमध्ये होता. ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या सगळ्यांना मी एक लांब निरोप पाठवला: मी सांगितलं ते इतकं ठाम नाही, हे असं आहे. बऱ्याच जणांनी काही उत्तर दिलं नाही. एका गृहस्थांनी लिहिलं, "मराठीला आत्ता कुठे अभिजात दर्जा मिळालाय आणि तुम्ही कशाला पाणी टाकताय?" त्या मुलीने मात्र उलट विचारलं, "मग अक्षीला कसं जायचं?"

अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला हे खरं. तमिळला २००४, कन्नडला २००८. दगडावर तिन्ही भाषा त्याआधीपासून एकत्रच उभ्या आहेत.

आता सुत्ताले.

हा शब्द मला कुणी विचारला की मी म्हणायची, "म्हणजे मूर्तीभोवतीचा परिसर." पुस्तकातला अर्थ, पाठ केलेला. गंगराजाने मूर्तीच्या भोवती ओवऱ्यांचा घेर बांधला. आपण आत शिरल्यावर तीन बाजूंना ज्या ओवऱ्या दिसतात, चोवीस तीर्थंकर जिथे आहेत, तो. पण शब्द कुठला? आमच्या गाडीचा चालक हुबळीकडचा. मराठी पाहुण्यांबरोबर इतकी वर्षं काढलीत की आमचं सगळं बोलणं त्याला कळतं. उत्तर मात्र कन्नड-हिंदी-मराठी खिचडीत देतो. तो कधी वर येत नाही. खाली चिंचेखाली गाडी लावून झोपतो. एकदा जेवताना मी वहीत लिहिलेल्या त्या दोन ओळी कुणाला तरी वाचून दाखवत होते. तो शेजारच्या टेबलावर सारू-भात खात होता. मान वर करून म्हणाला, "मॅडम, सुत्तु तो हमारा शब्द है ना? सुत्तु माने गोल. देवळाला एक सुत्तु मारला, म्हणजे एक फेरा मारला."

सुत्तु म्हणजे भोवती. आलय म्हणजे घर. सुत्तालय, भोवतीचं बांधकाम. शेजारीच कोरलेल्या कन्नड ओळीत तोच शब्द आहे. नागरीत लिहिणाऱ्याने बाकीचं सगळं वाक्य मराठी केलं आणि हा शब्द तसाच ठेवला. त्याला मराठी शब्द सुचला नसेल, किंवा तिथे त्या बांधकामाला सगळेच सुत्ताले म्हणत असतील, जसं आपण इथे बेंगळुरूत घरी मराठीत बोलतानाही "सर्कलपाशी उतर" म्हणतो. दोनच ओळींचं मराठी, त्यातलं एक नाम कन्नड, आणि ते कळायला मला भाताचा घास थांबवून बोलणारा चालक लागला.

ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. कारण वर्षातून दोन-तीनदा तरी गाडीत कुणी तरी, साधारण जेवणानंतर, सुरू करतं: "म्हणजे बघा, हे सगळं आपलंच होतं." त्या माणसाचा हेतू वाईट नसतो. सीमाभागाच्या बातम्या वाचून माणूस तापलेला असतो, त्यात अशी ओळ दिसली की छाती फुगते. पण पुढे गाडी चालवणारा ऐकतोय, त्याला कळतंय, हे त्यांच्या लक्षात नसतं. पूर्वी मी विषय बदलायची. आता दगडावर काय आहे तेवढंच सांगते. की मूर्ती करवणाऱ्याने स्वतःचा ग्रंथ कन्नडमध्ये लिहिला. की मराठीच्या शेजारी तमिळही आहे आणि तमिळ माणूसही इथे येऊन हेच म्हणू शकतो. की आपल्या सोलापूर-कोल्हापूरकडे कन्नड शिलालेख खोऱ्याने आहेत. त्यावरून कुणी कर्नाटकातून बस भरून येऊन "हे आमचं" म्हणाला तर आपल्याला कसं वाटेल? बहुतेक जण यावर हसतात. एखादा नाही हसत. चालतं.

मग मराठी ओळ तिथे कशासाठी? माझी समजूत अशी, की वाचणारे यायचे म्हणून. तीर्थक्षेत्र आहे. उत्तरेकडून, पश्चिमेकडून यात्रेकरू यायचे, त्यांना नागरी वाचता यायची. ज्याने पैसा आणि श्रम घातले त्याला आपलं नाव येणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं वाटत होतं, म्हणून त्याने ते तीन भाषांत लिहवून घेतलं. आज रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आपण हेच करतो. आणि ते वाचणारे अजून येतात. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या जैन मंडळींच्या बसगाड्या तिथे कधीही बघा. नऊवारीतल्या आज्या तोंडाने णमोकार म्हणत त्या पायऱ्या आमच्यापेक्षा भराभर चढतात. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक असतो, मागचा फेब्रुवारी २०१८ मध्ये झाला. त्या वर्षी सहलीला जाऊ नका, यात्रेला जायचं असेल तर जा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हं उतरली, चहा झाला, की परतीची घाई न करता चंद्रगिरीवर चढायचं. इथे मी आग्रहच धरते. पायऱ्या थोड्या, गर्दी जवळजवळ नाही. मोठ्या टेकडीवर मूर्ती आहे, या टेकडीवर माणसं आहेत, म्हणजे त्यांची मरणं. अन्नपाणी हळूहळू सोडून शांतपणे देह ठेवणं, सल्लेखना, त्यासाठी शेकडो वर्षं लोक या खडकावर आले आणि त्यांच्या नोंदी पायाखालच्या खडकातच कोरल्या गेल्या. सर्वांत जुन्या इसवी सन ६०० च्या सुमाराच्या. काहींवर आता काच बसवली आहे. चंद्रगुप्त मौर्य आपल्या गुरूंबरोबर, भद्रबाहूंबरोबर, इथे आला आणि इथेच गेला अशी परंपरा आहे, टेकडीचं नावही त्याचंच.

पण मी पाहुण्यांना ज्या खांबापाशी नेते तो चौथ्या इंद्राचा. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांनी कोरवलं, त्या घराण्याचा हा शेवटचा वारस. ९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य घेतलं. गंग राजा मारसिंह हा या इंद्राचा मामा. त्याने भाच्याला पुन्हा गादीवर बसवायची खटपट केली, ती फसली. मामाने सल्लेखना केली. पुढे ९८२ साली भाच्याने या टेकडीवर तेच केलं. खांबावरच्या कन्नड लेखात त्याच्या राज्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, राज्यच नव्हतं. मग कवीने काय लिहिलं? घोड्यावर बसून चेंडू मारण्याच्या खेळात तो किती तरबेज होता ते, ओळीमागून ओळ. समोरच्या टेकडीवर त्याच सुमाराला मूर्तीचं काम चाललं असणार. छिन्न्यांचा आवाज इथवर येत असेल.

इथे मी काही बोलत नाही. लोक खडकावर बसतात, समोरची मूर्ती पाठमोरी नाही तर समोरून दिसते, कारण तिचं तोंड इकडे, उत्तरेला आहे. वीस-पंचवीस मिनिटं अशी जातात. एकदा सातारच्या एक आजी म्हणाल्या, "पोराचं एवढं कौतुक लिहिलंय म्हणजे कुणी तरी जवळचं होतं शेवटी." मी त्या लेखाकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. आधी ठरवा की गाडी दोन्ही टेकड्यांना वेळ देणार आहे का. नसेल देणार तर दुसरी गाडी बघा. गावातला स्थानिक गाइड घ्या, आणि त्याला "इथलं सगळ्यात जुनं काय?" असं विचारण्याऐवजी "हे कशावरून कळलं?" असं विचारून बघा. काही जण गडबडतात. काही जण असे खुलतात की तुमचं जेवण लांबतं. अक्षरांवर हात फिरवू नका, खडूची पूड तर अजिबात नको. तिरप्या उन्हात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, अक्षरं आपोआप उठून दिसतात. रेल्वेने जायचं असेल तर कुणिगलमार्गे हासनला जाणारी गाडी श्रवणबेळगोळला थांबते. तो मार्ग २०१७ पासून सुरू झाला आहे. स्टेशनवरून रिक्षा.

आमच्या गाडीत आता एक नवीन रीत पडली आहे. जाताना हिरिसावेचं वळण आलं की चालक गाडी जरा हळू करतो, आरशातून मागे बघतो आणि मराठीत विचारतो, "सुत्ताले म्हणजे काय?" मागे शांतता. कुणी म्हणतं सूत, कुणी म्हणतं सुतार. तो सांगत नाही. "जेवताना सांगतो," म्हणतो आणि गियर बदलतो.

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला निघतोय. दोन जागा आहेत. मोजे आणा.